काचेवरचं दीड मिनिट

३ तारीख, सोमवार. सकाळी ७.१०
सूनबाई आमच्या दोघींच्या दातांच्या दवाखान्यात कॅप चिकटवायच्या सिमेंटचं यंत्र आणायचं म्हणते. कॅप्सूल घाला, दहा सेकंद थांबा, सिमेंट तयार. ते दाताला रासायनिक पकड घेतं, फ्लोराइडही सोडतं. मान्य. पण मग आपण काय करायचं? टाळ्या वाजवायच्या? माझं जुनं झिंक फॉस्फेटचं सिमेंट थंड काचेवर घोटावं लागतं. आम्लात चिमूट चिमूट पावडर, मध्ये थांबत, दीड मिनिट. घाई केली की तापतं आणि काचेवरच दगड होतो. संयम हवा. तो माझ्याकडे आहे.
गेल्या महिन्यात तीन पेशंटच्या कॅप निघाल्या. लोक काय वाटेल ते चावतात.

त्याच दिवशी, दुपारी
सूनबाईशी पैज लागली. ह्यांच्या दाढेची कॅप मी बसवणार. पंधरा दिवस टिकली तर यंत्र येणार नाही. निघाली तर माझी काच कपाटात.

४, मंगळवार
सिमेंट दोनदा काचेवरच घट्ट झालं. हवा गरम. तिसऱ्यांदा पावडर एकदमच घातली. अनुभवी हाताला चिमटी लागत नाही. हे विचारतात, दीड मिनिट झालं का? म्हटलं, तोंड उघडा, घड्याळाकडे बघू नका. बसवली. फक्कड.

५, बुधवार
हे आणि सूनबाई सकाळीच तिच्या डॉक्टर मैत्रिणीकडे गेले. काम होतं म्हणे. सासऱ्याचं तिथे काय काम?

७, शुक्रवार
ह्यांनी त्याच दाढेने बदाम फोडला! सूनबाईला दाखवलं. म्हणाली, हो आई, पकड छान आहे. हरली पोर.
संकल्प: टोमणे मारायचे नाहीत.

८, शनिवार
मारले. दोनच.

१९, बुधवार. दुपारी १.३०
पंधरा दिवस पूर्ण. जेवताना विजय जाहीर केला. यंत्राचं नाव काढू नका म्हटलं. हे ताटात मान घालून म्हणाले, अगं, कॅप दुसऱ्याच दिवशी चहात पडली. सूनबाईने मैत्रिणीकडच्या यंत्रावर सिमेंट करून बसवली. आईंना वाईट वाटेल, सांगू नका म्हणाली.
चहा फार गरम पितात हे.

२५, मंगळवार
यंत्र आलं. काच मी स्वतःच कपाटात ठेवली. जागा अडत होती.
पहिली कॅप्सूल मीच लावली. दहा सेकंद भलतेच लांबतात. आठव्याला झाकण उघडलं.
 सूनबाईने दुसरी कॅप्सूल माझ्या हातात ठेवली आणि मोठ्याने आकडे मोजायला लागली.