टॅगवरची कोरी ओळ

सोमवार, ३ तारीख

मिटव वही. आत्ताच्या आत्ता मिटव, आत्या. तूच आहेस, मला माहितीये. या खोलीत दुसऱ्याच्या उशीखाली हात घालणारं तुझ्याशिवाय आहे कोण? आणि नाही, मला लाज वाटत नाहीये. पदवी घेऊन लाल बाटले पुसणार, असं काल जेवताना ऐकवलंस ना? पुसत नाही, तपासते. फरक आहे.

खरं तर मजा आली आज. गाद्यांचा कारखाना, चार मजले, आणि प्रत्येक जिन्यापाशी, प्रत्येक दारापाशी आग विझवायचा एकेक लाल बाटला. माझ्या हाताखाली माणूस कोणी नाही, पण हे बाटले सगळे माझे. पिन जागेवर आहे का, सील तुटलंय का, दाबाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का. मग बाटला उचलायचा, उलटा करायचा आणि कान लावायचा. आतली पावडर सरसरत खाली आली की समजायचं, भरलेला आहे. मग त्याच्या गळ्यातल्या टॅगवर जागा लिहायची, तारीख टाकायची, खाली सही.

गेटवरचा बाटला इतका जड, की उचलताना माझ्या तोंडून शिवीच गेली. वॉचमनकाका खुर्चीतून म्हणाले, जपून हं ताई, तरी बरं माझ्यापेक्षा हलका आहे. त्यांच्या वजनाने प्लास्टिकच्या खुर्चीचे पाय चारी दिशांना पळायला बघत होते. दिवसभर आठवून हसत होते मी.

बुधवार, ५

चौथा मजला. आत्या इथेच गाद्यांच्या कडा शिवते. इथले बाटले उचलले. हलके. उलटे केले, कान लावला. काहीच नाही. काटे मात्र हिरव्यात, चिकटवल्यासारखे. मागच्या दाराला गाद्यांच्या थप्प्या लावलेल्या, छतापर्यंत.

मॅनेजरकडे गेले. त्याला सगळे गुळगुळीत म्हणतात, काहीही चिकटत नाही म्हणून. तो हसला. आग काय टॅग वाचून येते का, म्हणाला. शुक्रवारी तपासणीवाले येतायत, ते टॅग वाचतात, बाटले उचलत नाहीत. तर बसल्याजागी सह्या करून टाक, पुढच्या कोऱ्या टॅगवरही करून ठेव, जागेची ओळ कोरी सोड, लागेल तशी भरू. आणि मी दाराशी पोचल्यावर त्याने विचारलं, तुझी आत्या आमच्या चौथ्या मजल्यावरच ना? बस्स. एवढंच विचारलं. हसत.

घरी आत्याला सांगितलं तर तिने माझीच हजेरी घेतली. कर की सही, राजकन्ये, बोट झिजतंय का तुझं? तुला चिकटवायला मी कोणाकोणापुढे नाक घासलंय, माहितीये? आणि तिथे शिवतं कोण, तू का मी? मला भीती नाही, तर तुला कसली?

शुक्रवार, ७

केल्या.

खुर्चीत बसून, पंख्याखाली, हात दुखेपर्यंत. बाटल्यांवरचे टॅग झाले, मग कोऱ्यांचा गठ्ठा. प्रत्येकावर ‘ठीक’ आणि खाली माझी सही. जागेची ओळ रिकामी. गठ्ठ्याला रबर लावलं, ड्रॉवरमध्ये टाकलं. तपासणीवाले आले, वाचलं, चहा प्याले, गेले. जाताना माझ्या अक्षराचं कौतुक केलं.

थू.

सोमवार, १०

राहवेना, म्हणून गेटवरचा बाटला पुन्हा उचलला. निदान एक तरी भरलेला आहे, हे हाताला कळू दे म्हणून.

उशीसारखा वर आला.

सील शाबूत. पिन जागेवर. काटा हिरव्यात. आत काही नाही. गळ्यात नवा टॅग, माझ्या गठ्ठ्यातला. जागेच्या ओळीवर ‘गेट’ लिहिलेलं. अक्षर माझं.

मी लिहिलेलं नाही.

बुधवार, १२

वॉचमनकाकांच्या शर्टाच्या बटणाला टॅग लटकलाय. मला वाटलं, चेष्टा. म्हणाले, ठीक आहे. मी म्हटलं, काय ठीक आहे? म्हणाले, ठीक आहे. विनोद नाही, ताई नाही, काही नाही. खांद्याला हात लावला तर खुर्चीसकट मागे सरकले. खुर्चीचे पाय सरळ होते. अगदी सरळ. तिच्यात कोणी बसलेलंच नसावं तसे.

टॅगवर जागा: ‘गेटची खुर्ची’. सही माझी.

गुरुवार, १३

ड्रॉवरमध्ये नुसतं रबर.

दिसतील ते टॅग फाडले. पॅकिंगवाल्या दोघींचे. लिफ्टमनचा. जेवणाच्या सुट्टीनंतर पुन्हा जागेवर — तीच सही, तेच अक्षर, ज्याचं कौतुक झालं होतं. धावत गुळगुळीतकडे गेले. तोंडाला येईल ते बोलले. त्याने नोकरीवरून काढायला हवं होतं मला. त्याच्या पेनाच्या क्लिपला —

तो हसलासुद्धा नाही. ठीक आहे, म्हणाला.

न बघता ठीक म्हटलं की आतलं जातं. बाटल्यातलं. माणसातलंही. आणि म्हणणारी मी.

शुक्रवार, १४

आत्या घरी आली. मी मुद्दाम चपला घालून आतपर्यंत गेले. काही बोलली नाही. भात करपवला. काही नाही. शेवटी म्हटलं, तुझ्यामुळे केल्या मी सह्या, तुझ्यामुळे. आता तरी उठून थोबाडीत देईल —

ठीक आहे, म्हणाली.

एप्रनच्या नाडीला. ‘चौथा मजला, मागची ओळ’.

मिठी मारली तिला. पाय जमिनीवरून उचलले गेले. तिचे. कान लावायची हिंमत झाली नाही.

शनिवार, १५

आज वही बरोबर घेऊनच कारखान्यात आलेय. सकाळीच वास येतोय. जळका. आत्या माझ्या आधी निघालेली, वर मशीनवर असणार. जिन्यात धूर उतरतोय आणि वरची मशिनं चालूच आहेत. कोणी ओरडत नाही. फोन केला, बंबवाले निघालेत म्हणे. खालून हाका मारल्या. वरून सगळ्यांचा एकच आवाज आला. तोच शब्द.

माझ्या खुर्चीच्या पाठीला एक टॅग आहे. वाचला नाही. मला राग येतोय अजून, म्हणजे अजून काहीतरी आहे आत.

आत्या, वही टेबलावर उघडीच ठेवतेय. वाच. उशीखाली हात घालायची गरज नाही. तू हलकी आहेस ना? मग उचलून आणते तुला. तुझ्या ओळीतल्या सगळ्यांना आणते, एकेकीला, काखेत मारून —

फक्त उत्तर देऊ नकोस. शिवी दे, नाहीतर गप्प राहा. मी थांबत नाही ऐकायला, कारण तू पुन्हा ठी