सातवी सीडी

अहेरी
रविवार, ११ नोव्हेंबर २००७

बेटा निशात,

खूप दुआ. मी बरी आहे. थंडीत गुडघा धरतो, तेवढंच.

यंदाच्या जानेवारीत एका सकाळी नळ उशिरा आला होता. दोन हंडे भरले, शेगडीवर तांदळाची पेज ठेवली, दुकानाचा ओटा झाडला आणि रोजच्यासारखी सीड्या पुसायला बसले. अब्बांच्या जुन्या बनियनचा मऊ तुकडा घ्यायचा, मधून कडेकडे सरळ पुसायचं, गोल फिरवायचं नाही. कोवळं ऊन ओट्यावर आलं होतं. तुझे अब्बा शिलाई मशीनशी बसले होते, पण मशीन बंद होती. पांढऱ्या मांजरपाटाचा एक तुकडा ते हातानेच शिवत होते. ताप होता, तरी टाके नेहमीसारखे बारीक. काय शिवत होते ते पुढे सांगते.

आधी इथलं सांगते. आज भाऊबीज, सगळे आपापल्या गावी गेलेत, दुकानात माणूस नाही. दुकान मी बंद केलं नाही. एका बाजूला फॉल-पिको करते, दुसऱ्या बाजूला भाड्याने द्यायच्या जपानी चित्रमालिकांचं कपाट तसंच आहे. अब्बा गेल्यावर मला वाटलं होतं, आता कोण येणार? येतात. आणि काउंटरवर उभे राहून तेच म्हणतात जे अब्बांना म्हणायचे, मला काय आवडेल ते तुम्हीच सांगा.

मला काय माहीत! पहिले दोन महिने मी कव्हर पाहून देत होते. सरकारी दवाखान्यातली सिस्टर चंदा आली, तर मी विचार केला, ही नर्स आहे, हिला दवाखान्यातल्या आजारी मुलीची मालिका द्यावी. दुसऱ्या दिवशी तिने ती काउंटरवर ठेवली.

"भाभी, ड्युटी करून घरी गेली, तर टीव्हीतही सलाईनच लागून राह्यली. मले मारामारी द्या. जोरदार."

तलवारवाल्या बाईची दिली. त्यावर खूश होती. अब्बांचा नियम मी अजून पाळते. मालिकेची शेवटची सीडी कोणाला बाकीच्यांबरोबर द्यायची नाही. आधीच्या सगळ्या परत आणायच्या, काउंटरवर उभं राहून शेवट काय व्हावा ते सांगायचं, मगच शेवटची मिळते. तुला लहानपणी ती त्यांची गंमत वाटायची. मलाही तसंच वाटे. चंदाला मी विचारलं तर ती म्हणाली, बाकी काही नाई, त्या बाईने तलवार बाजूला ठेवून दोन दिवस झोपलं पाहिजे. तेव्हा मला कळलं की अब्बा त्या उत्तरावरून पुढची मालिका ठरवत होते. मारामारीचं बोलणाऱ्या चंदाला मी गरम पाण्याच्या कुंडाजवळच्या खानावळीची मालिका दिली. तिच्यात काहीच घडत नाही, लोक येतात, जेवतात, निजतात. तिने ती दोनदा पाहिली.

गुणवंतराव, ते वनखात्याच्या डेपोतून रिटायर झालेले, अजून यंत्रमानवांच्याच मालिका नेतात आणि अजून तीच तक्रार करतात, एवढं मोठं यंत्र उडते, पण डिझेल कुठी भरतात ते दाखवत नाई.

सुट्ट्या लागायच्या आधी लालसू गुरुजी आले होते. एटापल्लीकडच्या आश्रमशाळेत शिकवतात. त्यांना हळू चालणारं लागतं, जंगल, पाऊलवाट, स्वयंपाक. म्हणाले, "बाई, नदीचं काही हाय काय? पण बुडणारं नको."

माझ्या तोंडून निघून गेलं, "आहे. नावाड्याच्या पोरीची आहे. पण तिच्या सहा सीड्या हैदराबादला माझ्या मुलीकडे आहेत."

"आन् सातवी?"

"सातवी इथेच आहे."

"मंग मी शेवटापासून पाहतो, उलटा," असं म्हणून ते हसले. मला हसता आलं नाही. त्यांना दुसरं काहीतरी दिलं आणि ते गेल्यावर शटर अर्धं ओढून घेतलं.

निशात, आता लिहिते.

तू चित्रं काढायचं शिकायला निघालीस त्या दिवशी तुझ्या बॅगेत त्या सहा सीड्या होत्या. अब्बा ओट्यावरून उतरलेसुद्धा नाहीत. एवढंच म्हणाले, "सातवी इथीच राहील. पाहिजे असन तर काउंटरवर ये." पुढे दीड वर्ष तुम्ही दोघे बोलला नाहीत. तुझ्यात त्यांचाच हट्ट आहे. तुझी दोन पत्रं आली, दोन्हींत एकच, अब्बा, सातवी पाठवा. त्यांनी ती वाचून मशीनच्या खणात रिळांखाली ठेवली. मी एकदा उघडून पाहिलं तर घड्या पार झिजल्या होत्या. किती वेळा वाचली असतील.

त्या जानेवारीच्या सकाळी ते सातव्या सीडीचं पाकीट शिवत होते. दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये सीडी, वरून मांजरपाट, त्यावर तुझा पत्ता. शिवून झाल्यावर दाताने दोरा तोडला आणि मला म्हणाले, "सलीमा, आजच्या डाकेत टाक. पोरीचा शेवट माह्यापाशी अडकून राह्यला."

मी ओढणी घेतली, पोस्टात गेले. माझ्यापुढे तीन माणसं होती. तिसरा सरकला, खिडकी मोकळी झाली आणि मी परत फिरले.

मला वाटलं, हे पाकीट गेलं की तुला इकडे यायला काही उरणार नाही. सहा परत करायला आणि सातवी न्यायला तरी तू काउंटरवर येशील. नियम त्यांचाच होता, मी फक्त तो धरून ठेवला. असं मी मनाशी म्हणाले आणि पाकीट पेटीत रजईखाली ठेवलं.

घरी आल्यावर त्यांनी विचारलं, टाकलं? मी हो म्हणाले. मग ते रोज विचारू लागले, पोहोचलं असन काय? मी म्हणायची, रस्ता लांब आहे, पोहोचेल. दुकानातला फोन वाजला की उठून बसायचे. मी रिसीव्हर उचलायची, कोणी तिसरंच असायचं, ते पुन्हा आडवे व्हायचे. एकोणीस दिवस असे गेले. शेवटचे दोन दिवस त्यांनी विचारलं नाही.

रोज वाटायचं, उद्या टाकते. मग ते गेलेच.

ते गेल्याचं कळल्यावर तू आलीस आणि तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात मला विचारलंस, "अम्मी, अब्बा माझ्यावर रागावूनच गेले ना?" तेव्हा पेटी तुझ्यामागे चार हातांवर होती. मी म्हणाले, चहा घे, थंड होतो आहे. तू तो चहा घेतला नाहीस. संध्याकाळच्या एस.टी.ने गेलीस. त्यानंतर तू फोन करत नाहीस, मी तुला दोष देत नाही.

लालसू गुरुजी गेले त्या दुपारी मी पाकीट काढलं. टाके उसवताना कात्री दोनदा घसरली, इतके ते घट्ट होते. आत सीडीसोबत एक चिठ्ठी निघाली. तुला आठवतात ना त्यांच्या चिठ्ठ्या, कव्हरमध्ये खुपसलेल्या, हे आवडलं असेल तर पुढे ते पाहा? तशीच. त्यात लिहिलं आहे:

"निशात, नियम माझा होता, मीच मोडतो. शेवट काय व्हावा ते तू मला सांगू नको. हे पाहून झालं की पुढचं तू काढ. मी पाहीन."

एवढंच. त्यांनी आयुष्यभर लोकांना पुढे काय पाहायचं ते सांगितलं. तुला मात्र सांगितलं नाही, तुझ्याकडे मागितलं.

मी ती सीडी पाहिली. पहिल्या सहा तुम्हा दोघांबरोबर पाहिल्या होत्या, भाजी निवडत. खालची इंग्रजी अक्षरं अब्बा मराठीत वाचून दाखवायचे. आता वाचणारं कोणी नव्हतं. चौथीपर्यंत शिकलेली मी, पण त्यांच्यामागे बसून बसून अक्षरं ओळखीची झाली आहेत. एक ओळ आली की थांबवायची, तुझी शाळेतली डिक्शनरी उघडायची, मग पुढे. तीन दुपारी लागल्या. धुक्यात ती पोर नाव कोणत्या काठाला लावते ते मला कळलं. तुला सांगणार नाही. ते तू पाहा.

माफ कर असं तीनदा लिहिलं आणि तीनदा खोडलं. दोन माणसं एकमेकांच्या निरोपाची वाट पाहत राहिली आणि निरोप माझ्या रजईखाली होता. त्यातलं एक आता नाही. हे माफीत बसतं की नाही ते मला ठरवता येत नाही.

ते तुझ्यावर रागावून गेले नाहीत. तू विचारलंस त्याचं उत्तर हे आहे. नऊ महिने उशिरा देते.

त्या सहा सीड्या परत आणायची गरज नाही. तुला इकडे यावं लागावं म्हणून आता माझ्यापाशी काही ठेवलेलं नाही. यावंसं वाटलं तर ये. आलीस तर तू काढलेलं काही घेऊन ये, त्यांच्या जागी बसून मी पाहीन. समजलं नाही तर थांबवून थांबवून पाहीन.

पाकीट पुन्हा शिवलं आहे. त्यांनी टोचलेल्या छिद्रांतूनच दोरा घातला, तरी माझे टाके वाकडे आले आहेत. चिठ्ठी आत आहे, जशीच्या तशी. आज पोस्ट बंद आहे.

सोमवार

सकाळी पाणी भरलं, सीड्या पुसल्या. दहा वाजता पोस्टात गेले. माझ्यापुढे दोन माणसं होती. माझी पाळी आली तेव्हा पाकीट खिडकीतून आत दिलं. हे पत्र निराळं टाकते आहे.

तुझी,
जिने पाकीट ठेवून घेतलं ती,
अम्मी