मांजरपाटाची पट्टी

अप्पा, तपकिरी कोंबडीच्या डाव्या पायाची पट्टी उद्या सकाळी सोडायची आहे. डॉक्टरांनी बजावून सांगितलंय, उद्या सकाळी, त्याआधी हात लावायचा नाही. आत्ता दुपारचे तीन वाजलेत. मी शिकवते त्या कॉलेजला सुट्टी आहे, हे कामाला गेलेत, आणि परसात ती डालग्याखाली बसली आहे. म्हणून मी वही घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसले. हात लिहिण्यात गुंतले तर तिकडं जाणार नाहीत. तुम्हाला लिहायचं पुष्कळ वर्षं मनात होतं, पण खरं सांगायचं तर आज लिहायला बसण्याचं कारण एवढंच आहे.

आम्ही नवनगरात घर घेतलं, मागं थोडी जागा निघाली, आणि मी चार कोंबड्या आणल्या. तुम्ही असतात तर हसला असतात, कारण लहानपणी मी त्यांच्या वासाला नाक मुरडायची. तो वास येऊ नये म्हणून मी परसात आधी कोबा करून घेतला. सिमेंट घोटून आरशासारखं गुळगुळीत केलं. सकाळ-संध्याकाळ पाणी ओतून खराट्यानं धुवायचं. बसायला भिंतीला उंचावर पत्र्याचा पाइप लावला, तोही पुसायला सोपा. शेजारणी बघायला यायच्या आणि म्हणायच्या, किती स्वच्छ ठेवलंय हो! मला ते ऐकायला आवडायचं. मग एक दिवस तपकिरी कोंबडी एका पायावर उभी दिसली. दुसऱ्या दिवशीही तशीच. उचलून पाहिलं तर तळवा सुजून गरम झालेला आणि मधोमध काळी, गोल खपली. ती खपली बघताक्षणी मी ओळखली, अप्पा. पस्तीस वर्षांनी बघत होते, तरी ओळखली.

डॉक्टर तरुण आहेत, इथल्याच, बोलता बोलता कन्नडात शिरतात आणि परत येतात. त्यांनी घरी येऊन आधी कोंबडी बघितलीच नाही, खाली फरशी बघितली.

"हे कुणी केलं?"

"मी करून घेतलं."

"आणि धुता रोज?"

"दोनदा."

"अय्यो अक्का, कोंबड्यांना घर दिलंत की ऑपरेशन थिएटर?"

मग त्यांनी समजावलं. एवढ्या उंचावरून ती रोज कडक जमिनीवर उडी मारते, जमीन कायम ओली, ओल्यानं तळव्याची कातडी मऊ होऊन चिरते, चिरेतून जंतू आत जातात. म्हणजे माझ्या स्वच्छतेनंच तिला आजारी पाडलं. मी ते डायरीत लिहिलं तेव्हा "बहुतेक" हा शब्द घातला होता. नंतर खोडला. त्याच आठवड्यात कोब्यावर चार बोटं माती आणि भाताचं तूस पसरलं, पाइप काढून पेरूची जाड फांदी गुडघ्याएवढ्या उंचीवर बसवली. डॉक्टरांनी खपली काढून आतला घट्ट पिवळा खडा बाहेर काढला, जखम धुतली, मलम भरलं, चिकटपट्टी गुंडाळली. दर दोन दिवसांनी हातमोजे घालून, कोमट पाण्यात पाय धरून, कोरडा करून, नवी पट्टी. "मधे उघडून बघायचं नाही," त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडं जरा जास्तच रोखून बघितलं. कोब्यावरून त्यांनी माझा स्वभाव ओळखला असणार.

आता ते लिहिते, जे पुष्कळ वर्षं मनात होतं.

तुम्ही दुर्गदबैलच्या बाजारातल्या दुकानात दिवसभर कापड मोजायचात आणि संध्याकाळी घरी येताना मांजरपाटाचे, त्या जाड्याभरड्या सुती कापडाचे, उरलेले तुकडे मालकांना विचारून आणायचात. बाकीच्यांच्या घरी त्याची फडकी होतात, आपल्या घरी कोंबड्यांच्या पट्ट्या व्हायच्या. कडेला दातानं छोटी खाच, मग सर्रकन सरळ फाडलेली बोटभर रुंद पट्टी. तो आवाज आला की गल्लीतली बायका-मंडळी ओळखायची, आज कुणाची तरी कोंबडी आली. तुम्ही कोंबडी टॉवेलात अशी गुंडाळायचात, जशी गिऱ्हाइकासाठी साडी बांधताय, फक्त एक पाय बाहेर. मिठाचं कोमट पाणी, हळद, खोबरेल. मग पट्टी बोटांमधून एकदा अशी, एकदा तशी, आणि गाठ मागच्या बाजूला. मी शेजारी उकिडवी बसून बघायची. "बघून ठेव गं," तुम्ही म्हणायचात, "पण पट्टी बांधली की हात मागं घ्यायचा. तिसऱ्या दिवसापर्यंत आपलं काम संपलं."

पलीकडच्या अज्जींची ती पांढरी कोंबडी. अज्जी एकट्या, अंडी विकून त्यांचा चहा-साखरेचा खर्च निघायचा, आणि त्या पांढरीशी त्या माणसाशी बोलावं तसं बोलायच्या. तुम्ही पाय बांधून तिला आपल्याच अंगणात डालग्याखाली ठेवून घेतलंत, कारण अज्जींचं अंगण चिखलाचं. दाणापाणी माझ्याकडं. मी अकरा वर्षांची होते. तुम्ही दुकानात, आई दुपारची झोपलेली, शाळेला सुट्टी. मी डालगं उचलते. आत काय झालंय, बरं होतंय की बिघडतंय, हे न कळणं मला सहन होत नाही. मी गाठ सोडते, बघते, बोटानं दाबून बघते, आणि अगदी तुमच्यासारखी परत बांधते. बांधणी इतकी हुबेहूब जमते की मला अभिमान वाटतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तेव्हा मात्र ती हातातून निसटून उघड्या पायानं मोरीपर्यंत पळाली. धरून आणली, पुसली, बांधली. तिसऱ्या संध्याकाळी तुम्ही पट्टी सोडलीत तेव्हा सूज वर नळीपर्यंत गेली होती. चौथ्या दिवशी ती गेली.

अज्जी आल्या, पांढरीला पदरात घेतलं. "होगली बिडप्पा, जाऊ दे," त्या तुम्हाला म्हणाल्या, "तिनं तेवढंच आयुष्य आणलेलं." त्या तुमची समजूत घालत होत्या आणि तुम्ही स्वतःचे पंजे उलटसुलट करून बघत होतात. "माझा हात बिघडला," तुम्ही म्हणालात. कुणाला म्हणून नाही, सहज. मी दाराच्या आड उभी होते. तोंडात शब्द तयार होता आणि मी तो गिळला.

त्यानंतर तुम्ही एकही कोंबडी बांधली नाही. लोक यायचे. "अहो, तुम्ही नुसता हात लावा." तुम्ही हसून, "दवाखान्यात न्या, आता आपल्याला जमत नाही." हळूहळू यायचे थांबले. मांजरपाटाचे तुकडे यायचेही थांबले. आई म्हणाली, बरं झालं, अंगण स्वच्छ राहतं. मला वाटायचं, आज सांगू. बारावीच्या निकालाच्या दिवशी वाटलं, लग्नाच्या आदल्या दिवशी वाटलं. शेवटी हॉस्पिटलात तुम्ही पलंगावरची चादर अंगठ्यानं आणि बोटानं चाचपून म्हणालात, "माल चांगला नाही गं हा," आणि मी हसले, तुम्हीही हसलात. इतका मोकळा क्षण होता तो. त्याही वेळी मी फक्त चादर सरळ केली.

इकडं डॉक्टरांची चिकटपट्टी काही टिकेना. तपकिरी ती चोचीनं ओढून काढायची, दोनदा काढली. मग मी जुना मांजरपाटाचा अभ्रा काढून धुतला, उकळला, वाळवला, आणि कडेला दातानं... नाही, कात्रीनं खाच दिली. डॉक्टरांना काय वाटेल म्हणून. ह्यांनी कोंबडी धरली होती. "तुला येतंय का हे?" म्हणाले. मला माहीत नव्हतं. पण पट्टी हातात आली आणि हात चालायला लागले. बोटांमधून एकदा अशी, एकदा तशी, गाठ मागं. तपकिरी उठली, दोन पावलं टाकली, चोच मारून बघितली, गाठ काही मिळेना. कंटाळून दाणे टिपायला गेली. ती पट्टी दोन दिवस जशीच्या तशी राहिली.

पुढच्या वेळी डॉक्टरांनी ती बघून विचारलं, "हे कुणी शिकवलं?"

"आमच्या अप्पांनी."

"डॉक्टर होते?"

"कापडाच्या दुकानात होते."

त्यांनी मोबाइलवर बांधणीचे चार फोटो काढले. गावाकडची माणसं येतात, त्यांना दाखवीन म्हणाल्या. मी मग त्यांना पांढऱ्या कोंबडीचं विचारलं, जणू दुसऱ्याच कुणाच्या घरची गोष्ट. त्या म्हणाल्या, "उघडल्यानं झालं असेल, किंवा आधीच हाडापर्यंत गेलं असेल. आता कोण सांगणार अक्का?" हे ऐकून मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, आणि थोडं वाटलंही, ते लपवत नाही. पण कोंबडी कशानं गेली हा माझा प्रश्न नव्हताच. तुमच्या हाताबद्दल तुम्ही जे ठरवलंत, ते माझ्या गप्प बसण्यानं ठरलं. तुमचा हात बिघडला नव्हता, अप्पा. पट्टी मी सोडली होती. दोनदा.

आता तीन आठवडे झाले. काल पट्टी बदलताना तळवा सपाट होता, गार होता, आणि मधोमध नवी गुलाबी कातडी आली होती. ती दोन्ही पायांवर उभी राहून अंग झाडते. अंडी बंद झाली होती, बुधवारी एक सापडलं, तुसात, अजून ऊब असलेलं. उद्या पट्टी सोडली की बहुतेक परत बांधायला लागणार नाही. हा "बहुतेक" मी ठेवते.

ही पानं कुठं पाठवायची नाहीत. वहीत राहतील, अभ्र्याच्या उरलेल्या पट्ट्यांची गुंडाळी जिथं ठेवली आहे त्या कप्प्यात. फक्त एक राहिलं. मघाशी, चादरीचं लिहून झाल्यावर, मी पाणी प्यायला म्हणून उठले आणि परसात गेले. डालगं उचललं, तिला मांडीवर घेतलं. गाठीवर बोट ठेवलं होतं. सोडली नाही. पट्टीला नाक लावून वास घेतला, नुसत्या धुतलेल्या कापडाचा वास आला, आणि हात मागं घेतला.