मापाच्या गाडीस हरकत

प्रति,
मा. वाहन अधिकारी,
कालवा देखभाल विभाग.

विषय : नवीन कालवा निरीक्षिकेस (माझी मुलगी) पहिली क्वाड बाईक म्हणून गाडी क्र. २ न देता गाडी क्र. ५ देण्याबाबत.

संदर्भ : गाडी क्र. २ चे तपासणी प्रमाणपत्र नऊ दिवस सहीविना का पडून आहे, अशी विचारणा करणारे आपले पत्र.

महोदय,

आपल्या पत्रातील "का" या शब्दाखाली दोन रेघा आहेत, म्हणून खुलासा सविस्तर करतो.

१. मी विभागाच्या दुरुस्ती शेडमध्ये एकतीस वर्षे मेकॅनिक आहे. कालव्याच्या कडेने चिखलातून फिरणाऱ्या आपल्या पाचही चारचाकी क्वाड बाईक माझ्या हाताखालून गेल्या आहेत. पाठमोरा उभा राहूनही, नुसत्या इंजिनाच्या आवाजावरून, कोणत्या गाडीचे काय दुखते ते मी सांगू शकतो. माझी मुलगी गेल्या महिन्यात निरीक्षक म्हणून रुजू झाली. तिने आजवर स्कूटरही चालवलेली नाही. अशा नवशिक्याने आपली पहिली गाडी एखाद्या जाणत्या माणसाच्या शिफारशीने निवडावी, असा आपला नियम आहे व तो उत्तम आहे. जाणता माणूस शेडमध्येच होता. त्याला कोणी विचारले नाही.

२. शिफारस करणाऱ्याच्या रकान्यात तिने आपल्या सासऱ्यांचे नाव लिहिले. माझे व्याही शिंपी आहेत. माणूस सज्जन आहे, शर्टाची कॉलर अशी बसवतात की नाव ठेवायला जागा नाही. पण यंत्राशी त्यांचा संबंध शिलाई मशीनपुरता. सायकलची चेन पडली की ते सायकल हातात धरून घरी येतात, हे मी स्वतः पाहिले आहे. त्यापुढच्या नात्याच्या रकान्यात मुलीने "वडील" असे लिहिले. आपल्या कार्यालयातील बाईंनी नाव वाचण्याच्या फंदात न पडता फॉर्म माझ्याकडे पाठवला व वर माझे अभिनंदन केले. मला ही बातमी अशी कळली. तिच्या लग्नाआधी "बाबा" अशी हाक आली की मी ओ देत असे. आता नुसते बाबा म्हणजे ते, आणि मी "तिकडचे बाबा".

३. व्याही गळ्यात टेप अडकवून शेडमध्ये आले. इंजिन किती सीसीचे, ताकद दोन चाकांना की चारही चाकांना, यातला एक प्रश्न त्यांनी विचारला असेल तर शपथ. त्यांनी मुलीला प्रत्येक बंद गाडीवर बसवले. पाय टेकतात का, कोपर वाकलेले राहते का, पायदानांवर उभे राहिल्यावर सीट किती खाली राहते, सगळे टेपने मोजून चिठ्ठीवर लिहिले. हॅंडल पूर्ण एका बाजूला वळवायला लावले. अंगठ्याने दाबायच्या ॲक्सिलरेटरपर्यंत तिचा अंगठा न ताणता पोचतो का, तेही पाहिले. मग गाडी क्र. ५ वर हात ठेवून म्हणाले, "ही तुला मोठी होते गं, पोरी. आत्ता मापाची घे. हात बसला की पुढच्या वर्षी वाढती घेऊ." माझ्या शेडमध्ये, माझ्यासमोर, माझ्या मुलीला. मी स्टूलवर बसून प्लग साफ करत होतो. तो आधीच साफ होता.

४. गाडी क्र. ५ बद्दल थोडे. पाचशे सीसी, चारही चाकांना ताकद, पुढे ओढकाम करायचा विंच. मुलीच्या नोकरीचा निकाल लागल्यापासून मी जेवणाच्या सुट्टीत ही गाडी तिच्यासाठी तयार करत होतो. ब्रेक नवे, बेअरिंग नवी. तिला मी हे बोललो नव्हतो. वेळ आली की दिसेलच, असे वाटले. गाडी क्र. २ दीडशे सीसी, वजनाने निम्मी, गिअर आपोआप पडणारे. नवशिक्यासाठी पुस्तकात जे जे लिहिलेले असते ते सर्व तिच्यात आहे, हे मला व्याह्यांच्या आधीपासून ठाऊक आहे.

५. त्यानंतर मी गाडी क्र. २ ची चार वेळा तपासणी केली. पहिल्यांदा आरसा सैल आढळला. तो आवळताना घट्ट झाला व तक्रार संपली. दुसऱ्यांदा हॉर्नचा आवाज किरटा वाटला. तिसऱ्यांदा रंग डोळ्यांत खुपतो, असा शेरा लिहून मीच खोडला. चौथ्यांदा काहीच सापडेना, तेव्हा व्याह्यांची टेप जुनी व ताणलेली असावी, अशी मला दाट शंका आली. मी ती काही निमित्त काढून मागून आणली व माझ्या पोलादी टेपशी लावून पाहिली. दुर्दैवाने ती तंतोतंत निघाली. तरीही, शेडमध्ये शिलाईची टेप आणण्यास मनाई करणारी सूचना दरवाजावर लावावी, अशी माझी विनंती आहे.

६. आता लिहावे की नाही, असा प्रश्न असलेली बाब. आपल्या परवानगीशिवाय मी गेल्या मंगळवारी मुलीला मागच्या आवारात गाडी क्र. ५ वर बसवले. शेजारून चालत होतो. पहिल्याच वळणावर हॅंडल वळवताना तिचा बाहेरचा हात सुटला, दुसऱ्या हाताचा अंगठा ॲक्सिलरेटरवर दाबलेला राहिला आणि गाडी जुन्या टायरांच्या ढिगावर चढली. मी धावत जाऊन चावी बंद केली. तिला खरचटलेही नाही, गाडीला काही झाले नाही. ही गोष्ट तिने कोणाला सांगितली नाही. सासऱ्यांनाही नाही. त्याचा मला आनंद झाला, हे नमूद न करणे खोटेपणाचे होईल.

७. टायरांवर बसून ती म्हणाली, "बाबा, गाडी झकास केलीय तुम्ही. माझा हात पुरत नाही, एवढंच." मी विचारले, मग मला का नाही विचारलेस. ती म्हणाली, "तुम्हाला विचारलं की तुम्ही गाडीबद्दल सांगता. त्यांनी मला बसून बघ म्हटलं." मग तिने सांगितले की ती बारा वर्षांची असताना शेडमध्ये आली होती आणि मला बसू द्या ना, असे म्हणाली होती. मी तिला हात काळे होतील, घरी जा, असे सांगितले होते म्हणे. मला हे अजिबात आठवत नाही. पण वाक्य माझेच आहे. मी ते इथे येणाऱ्या प्रत्येकाला म्हणतो.

८. सबब, खुलासा असा की गाडी क्र. २ मध्ये दोष नाही. दोष असलाच तर ती दुसऱ्याने निवडली एवढाच, आणि त्यासाठी प्रमाणपत्रात रकाना नाही. माझ्या पोटात दुखत होते. अजूनही थोडे दुखते. विषयात केलेली मागणी मी मागे घेत आहे. व्याह्यांकडून मापांची चिठ्ठी आणून हॅंडल दोन बोटे मागे घेतले आहे, वेगाचा स्क्रू आवळून गाडी ताशी वीस किलोमीटरच्या पुढे जाणार नाही अशी केली आहे. सही केलेले प्रमाणपत्र सोबत जोडले आहे. पाचव्या मुद्द्यातील सूचनाही लावू नये.

९. एकच विनंती उरते. वर्षभराने चालकाला मोठ्या गाडीसाठी नवा फॉर्म भरता येतो. माझी मुलगी तो घ्यायला येईल तेव्हा बाईंनी तिला तो टेबलावरच भरायला लावू नये. शिफारशीचा रकाना कोरा ठेवून फॉर्म एक दिवस तिच्याजवळ राहू द्यावा. त्यात कोणाचे नाव लिहावे, हे तिला कोणीही सुचवू नये. मीही सुचवणार नाही. तोवर मी सेवानिवृत्त झालेला असेन. दिवसभर घरीच असेन.

आपला नम्र, अकरा दिवस उशिरा,

(सही)
मुख्य मेकॅनिक, दुरुस्ती शेड
दिनांक : १४ मार्च

सोबत :
१) गाडी क्र. २ चे तपासणी प्रमाणपत्र, सहीसह.
२) चारही तपासण्यांचे शेरे (खोडलेल्या भागासह).
३) मापांची चिठ्ठी, व्याह्यांच्या अक्षरात. झेरॉक्स प्रत.