जांभळाखालचे दोन गुंठे

मी, चंद्रभागा कमळाकर भालेराव, वय वर्षे ७१, ग्रामपंचायतीची निवृत्त वसुली क्लार्क, राहणार मौजे सावरखिंड, पळसदरी स्टेशनापासून टमटमने पंधरा मिनिटं, तालुका कर्जत, जिल्हा रायगड, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे. ज्याला शंका असेल त्याने यावं आणि मला सतराचा पाढा विचारावा. साखर थोडी वाढलेली आहे, उजवा गुडघा कुरकुरतो, बाकी मी ठणठणीत आहे. हे लिहिण्यासाठी मला कोणी धमकावलेलं नाही की गोड बोलून गुंडाळलेलं नाही. अठ्ठावीस वर्षं दारोदार घरपट्टी आणि पाणीपट्टी गोळा केलेल्या बाईला कोण गुंडाळणार? "उद्या या" हे दोन शब्द मी जितक्या तऱ्हांनी ऐकले आहेत, तितक्या तऱ्हा नाटकवाल्यांनाही जमायच्या नाहीत.

यापूर्वी मी एक मृत्युपत्र लिहिलं होतं. ते फाडून चुलीत घातलं आहे. ते का, हे पाचव्या कलमात येईल. कर्जतच्या वकीलबाई म्हणाल्या, "आजी, मृत्युपत्रात कारणं लिहायची गरज नसते हो." म्हटलं, गरज नसेल, पण मला खोड आहे. कारण सांगितल्याशिवाय मी कधी कोणाकडून रुपया घेतला नाही, आता कारण सांगितल्याशिवाय देणारही नाही.

१. राहतं घर, पत्र्याच्या पडवीसह, मी आणि माझे दिवंगत पती कमळाकर यांनी स्वकष्टाने बांधलेलं आहे. ते माझा मुलगा निलेश आणि मुलगी पौर्णिमा यांना निम्मं निम्मं मिळावं. निलेश टेंपो चालवतो आणि माझ्याजवळ राहतो. पौर्णिमा बदलापूरला नर्स आहे. तिची खोली तिचीच राहील. निलेशने त्या खोलीत टेंपोचे जुने टायर ठेवायचे नाहीत. आत्ता आहेत ते चार मला माहीत आहेत, बरं का!

२. पोस्टातली ठेव दोघांना सारखी. कानातली कुडी पौर्णिमाला. निलेशला कानातलं नको, म्हणून त्याला माझं कपाट, आरशासकट.

३. लाकडी काळा फळा, चार फूट बाय तीन फूट, मी पौर्णिमाला देते. या फळ्याची हकिगत सांगायलाच हवी, नाहीतर ती म्हणेल, आईने भंगार माझ्या गळ्यात मारलं.

विष्णू गजानन दिघे गुरुजी, जिल्हा परिषदेच्या शाळेतले, हे आमच्या गावातले सर्वांत सभ्य थकबाकीदार. अकरा वर्षं त्यांनी पट्टी भरली नाही आणि अकरा वर्षांत एकदाही मला चहाशिवाय परत पाठवलं नाही. मी नोटीस पुढे केली की ते खुर्ची पुढे करत. म्हणत, "चंद्रभागाबाई, बसा. मला सांगा, मी कुठे सही केली आहे, की मी पट्टी देईन म्हणून? मला कोणी विचारलं होतं का? माझ्या विहिरीला बारमाही पाणी आहे. मला नळ नको. नळ नको असलेल्या माणसाकडून नळाचे पैसे घ्यायचे, याला तुमच्या दप्तरात काय शब्द आहे?"

मी म्हणे, "गुरुजी, ज्यांना मूलबाळ नाही त्यांच्याही पैशातून तुमचा पगार होतो. त्यांना कोणी विचारलं होतं?"

"तोच तर घोळ आहे!" असं म्हणून ते खूश होऊन बशीत आणखी चहा ओतत. त्यांना हरायलासुद्धा आवडायचं, मात्र पैसे काही सुटायचे नाहीत.

एके दिवशी मात्र मी चिडले. त्यांना म्हटलं, "तुमच्या त्या बारमाही विहिरीवर तुमच्या वडिलांच्या काळात माझी सासू लांब उभी राहायची. कोणीतरी वरून पाणी ओतेल तेव्हा तिची कळशी भरायची. नळासाठी कोणाच्या दारात उभं राहून वाट बघावी लागत नाही, गुरुजी. तो कोणाच्या मेहेरबानीचा नाही, कारण सगळ्यांच्या पैशाचा आहे. म्हणून मी पट्टी मागते, आणि मागताना मला तसूभर लाज वाटत नाही." गुरुजींनी बशी खाली ठेवली. मग हळूच म्हणाले, "हे तुम्ही मला पहिल्या वर्षीच सांगायचं होतं. पटलं. नळ हवाच. पण तुम्ही त्या पैशाचं काय करता, हे मला कुठे कळतं? जो घेतो त्याला जाब विचारता आला नाही, तर ते घेणं कसलं?"

बोलण्यात तथ्य होतं, काय करणार. घरी येऊन कमळाकरना सांगितलं. ते खोपोलीला कारखान्यात सुतारकाम करत. त्यांनी रविवारी हा फळा बनवून दिला. सोमवारपासून पंचायतीच्या दाराबाहेर मी खडूने लिहू लागले, की इतके आले, इतके गेले, कशावर गेले. सरपंच माझ्यावर तोंड फुगवून बसले. चौथ्या दिवशी गुरुजी छत्री टेकत आले, फळा दोनदा वाचला, आणि बेरजेत चाळीस रुपयांची चूक काढली. सगळ्यांसमोर! मी पुसून दुरुस्त केली. दुसऱ्या दिवशी त्यांनी अकरा वर्षांची पट्टी एकरकमी आणून दिली. मला इतका आनंद झाला की मी पावतीवर तारीखच घालायची विसरले. तीही चूक त्यांनीच काढली.

तर पौर्णिमा, तू तुझ्या सोसायटीच्या मेंटेनन्सवरून दर महिन्याला मला फोनवर रडगाणं ऐकवतेस. हा फळा जिन्यात लाव. खडू मी आणून ठेवले आहेत.

४. किरकोळ. माझी टॉर्च, वसुलीची कापडी पिशवी आणि चांगली छत्री बुधाजी पारधी याला द्यायची होती. बुधाजी ठाकरवाडीचा, पंचायतीचा पाणी सोडणारा, माझा अठ्ठावीस वर्षांचा सोबती. परंतु वकीलबाई म्हणाल्या की साक्षीदाराला काही ठेवू नये, बरं दिसत नाही. म्हणून त्या वस्तू मी त्याला गेल्या मंगळवारीच जिवंतपणी देऊन टाकल्या. छत्री उघडून बघत तो म्हणाला, "बाई, काडी वाकडी हाय." घ्या! फुकटच्या छत्रीलाही जाब.

पट्टी बुडवणारा एक दशरथ होता, तो मला आळीत पाहिलं की कुत्रा सोडायचा. त्या कुत्र्याला, वाघ्याला, मी केव्हाच माफ केलं आहे, बिचारा माझ्या हातची भाकरी खाऊन मेला. दशरथचं अजून ठरलेलं नाही.

५. आता मुख्य गोष्ट. घरासमोर रस्त्याला लागून माझी स्वतंत्र दोन गुंठे जागा आहे, माझ्या पगारातून घेतलेली. तीत जांभळाचं झाड आहे. आम्ही तिला कधी कुंपण घातलं नाही. ठाकरवाडीच्या बाया भारे उतरवून तिथे टेकतात, पोरं शाळेची एसटी तिथे पकडतात, आणि बाहेरगावचे शनिवार-रविवारवाले तिथे उभे राहून धरणाचा रस्ता विचारतात.

पहिल्या मृत्युपत्रात मी ही जागा ग्रामपंचायतीला देऊन टाकली होती. सावली सगळ्यांची राहावी म्हणून. लिहिताना मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं. कागद पापडाच्या डब्यात ठेवला, आणि श्रावणात निलेश पापड शोधायला गेला.

तो ओरडला नाही. उंबऱ्यावर बसला आणि म्हणाला, "आई, जागा तुझी हाय. दे कुणाला पन. मी तिथं गॅरेज टाकायचं चार वर्सं मनात धरून हाय, ते तुला ठाव हाय. मला एकदा इचारायचं तरी व्हतंस."

अठ्ठावीस वर्षं मी गावाला सांगत आले, की पट्टी द्या आणि प्रश्न विचारा. आणि घरात मी काय केलं? पोराच्या वाट्यातलं काढून गावाला दिलं, न विचारता, वर तोंड करून पुण्य माझ्या नावावर. मला लाज वाटली. तो कागद मी त्याच्यासमोर फाडला.

मग रीतसर सभा घेतली. सात दिवस आधी फ्रिजवर नोटीस डकवली. दिघे गुरुजी अध्यक्ष, बुधाजी गावाच्या वतीने, पौर्णिमा सुट्टी काढून आली. मी भजी तळली.

बुधाजी म्हणाला, "आमच्या बाया दोन डोंगर उतरून येत्यात. त्यांनी टेकायचं कुटं?" निलेश म्हणाला, "टेकनारी धा मानसं, नि टेंपोचा हप्ता माज्या एकट्याच्या डोक्यावर. गावाला सावली पायजेल तर गावानं जागा इकत घ्यावी." पौर्णिमा म्हणाली, "अरे, बाबांनी मुद्दाम कुंपण घातलं नव्हतं." मत घेतलं. दोन विरुद्ध एक. ठराव मंजूर. जागा गावाला.

झालं की सगळं नियमाने! नोटीस दिली, विचारलं, बहुमत झालं. तरी माझं भजं बशीत तसंच पडून राहिलं. निलेश खाली मान घालून चटणी चाटत होता. मी गुरुजींना म्हटलं, "आता कुठे अडलं?"

गुरुजी म्हणाले, "चंद्रभागाबाई, तुमची पट्टी मला जाचक वाटली असती तर पुढच्या ग्रामसभेत मी तुम्हाला धारेवर धरलं असतं. सरपंच नको झाला तर पाच वर्षांनी घरी बसवता येतो. उद्या तुम्ही गेल्यावर हा निर्णय चुकला असं वाटलं, तर या पोराने जाब कोणाला विचारायचा? भिंतीवरच्या फोटोला?"

बुधाजी इतका हसला की त्याला ठसका लागला. आणि मी, खरं सांगते, मीही हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. फोटोला हार घालतात, त्याला कोणी बेरजेतली चूक दाखवत नाही. जिवंत असताना मी मागितलं असतं तर पोराने मला नाही म्हटलं असतं, आम्ही भांडलो असतो, मी परत मागितलं असतं. मेल्यावर मागणं म्हणजे नुसती जबरदस्ती.

म्हणून सभेचा ठराव मी त्याच बैठकीत माझ्या अधिकारात रद्द केला. गुरुजींनी त्याबद्दल माझा निषेध नोंदवला, तो इथे नोंदवते. आणि या कलमाने मी सदर दोन गुंठे जागा, झाडासह, निलेश कमळाकर भालेराव यास पूर्ण मालकीने देते. अट कोणतीही नाही. त्याने झाड तोडलं तर मला वाईट वाटेल, पण मी तिथे नसेन, म्हणून ते वाईट वाटणं धरू नये. पौर्णिमाची याला हरकत नाही. ती म्हणाली, "मला फळा दिलास, आता आणखी उपकार नकोत."

हे ठरलं दिवाळीच्या आधी. त्यानंतर जागेबद्दल मी चकार शब्द काढला नाही. जीभ चावून चावून दुखली. गेल्या आठवड्यात निलेशने आखणी केली. गॅरेज मागच्या अंगाला, जेमतेम टेंपो मावेल एवढं. आणि काल सकाळी भाकऱ्या टाकून बाहेर येते तर जांभळाखाली विटांचा, सिमेंटचा बाक! ओला. त्यावर कोणाची तरी कोंबडी चालून गेलेली, तिची पावलं उमटलेली.

मी म्हटलं, "हे काय रं?"

"बाक," तो म्हणाला. "तू लिवलं असतंस तर केला नसता. आनि कायमचा धरू नको. जागा लागली तर उद्या काढीन पन."

"काढ की," मी म्हटलं, "तुझा आहे." आणि आत येऊन ओट्याला धरून पोटभर रडले, आनंदाने. कमळाकर असते तर त्यांनी बाकाच्या कडा घासून दिल्या असत्या.

तो काय म्हणाला ते मी जसंच्या तसं इथे उतरवलं आहे. उद्या कोणी म्हणेल, बाक गावाचा आहे. तर नाही. बाक निलेशचा आहे. बसायचं असेल त्याने बसावं, आणि जागा पटली तर त्याला बरं म्हणावं. बस्स.

६. माझे अंत्यसंस्कार बौद्ध पद्धतीने व्हावेत. पुण्यानुमोदनाला जेवण साधं असावं, पण पोटभर. कोणीही भाषणात मला "त्यागमूर्ती" म्हणू नये. म्हटल्यास बुधाजीने माईक बंद करावा.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी पौर्णिमाने करावी. हे मी आज दोघा मुलांसमोर मोठ्याने वाचून दाखवलं आहे. कोणाची काही हरकत आहे का, असं तीनदा विचारलं. निलेशने टायरांबद्दल हरकत घेतली. ती फेटाळली. मला वाटलं तर हे मी बदलेन, तेवढी सोय जिवंत माणसाला असते. तोवर हेच माझं शेवटचं म्हणणं आहे.

सही: चंद्रभागा कमळाकर भालेराव
ठिकाण: मौजे सावरखिंड, जांभळाखाली, नव्या बाकावर (कोंबडीच्या पावलांची बाजू सोडून)
दिनांक: १८ जानेवारी २०२६, रविवार

आम्ही खाली सही करणारे, सदर बाईंनी आमच्यासमोर सही केली आणि आम्ही त्यांच्यासमोर, याची साक्ष देतो.

साक्षीदार १: बुधाजी गोमा पारधी, वय ६६, ठाकरवाडी. (सही)

साक्षीदार २: विष्णू गजानन दिघे, वय ७९, निवृत्त शिक्षक. (सही)
सहीखाली त्यांच्याच अक्षरात: मला विचारलं होतं.