वरच्या मजल्यावरची भाडेकरू

नांदेड,
ता. ९ जून २०२५

चि. भामाबाईस,
तुझ्या आक्काचा जयभीम आणि पोटभर आशीर्वाद. वि. वि.

इकडं सगळे खुशाल. तू म्हणतीस फोन कर, पण कानात मशीन घातलं की शिट्टी वाजती आणि तुझं निम्मं बोलणं त्या शिट्टीतच जातं. म्हणून दुसरीपर्यंतचं शिक्षण पुन्हा कामाला लावलंय. वाचताना हसू नको.

आपल्या आनंदराजचं लग्न होऊन तीन आठवडे झाले, पण माझ्या अंगातून ते अजून उतरलं न्हाई. नातू तर माझाच, पण नातसून भी लई गुणाची निघाली. महामाया सकाळी उठली की आधी मला चहा देती, मग घोट घेईपर्यंत उभी राहती, बरा झाला का बघायला. शेजारची रत्नम्मा रोज कायतरी निमित्त काढून येती. कधी विरजण दे, कधी लिंबू दे. तिच्या नातवाला पोरगी मिळून न्हाई राहिली. मग मी भी मुद्दाम महामायेला हाक मारते, पाणी आणायला लावते, आणि रत्नम्माचं तोंड बघते. चांगलं न्हाई म्हणशील. पण मला बरं वाटतं.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसले ते सांगते. नवी घरपट्टी आली, मागच्या सालापेक्षा दुपटीच्या वर. आनंदराज महापालिकेत जाऊन विचारून आला. घर आपण वापरलं तर पट्टी कमी, भाड्यानं दिलं तर जास्त, असं हाय म्हणे. आणि आपला वरचा मजला भाड्यानं दिलाय असं लिहून ठेवलंय. लग्नाच्या आठवड्यात टेप घेऊन मोजणीवाली पोरं आली होती बघ, मी खाली पाहुण्यांत होते. त्यांनी वर कोण राहतं विचारलं आणि तू सांगितलंस, आम्ही भाडेकरू. त्या पोरांचा काय दोष, सांगितलं ते लिहून गेली.

भामे, तुझी गंमत मला परवडायची न्हाई. आनंदराजनं हरकतीचा अर्ज दिलाय. चार जुलैला सुनावणी हाय. ज्या बाईनं सांगितलं तिनंच येऊन बोललेलं बरं, असं साहेब म्हणले. तर तुझं आधारकार्ड आणि लातूरचं रेशनकार्ड घेऊन ये. एकच वाक्य बोलायचं हाय, मी हिची बहीण हाय म्हणून.

तुझ्या नरसिंगरावांना जयभीम सांग. माया पातळ होऊ देऊ नको.

तुझी
गुणाआक्का


लातूर,
ता. १६ जून २०२५

ती. आक्कास,
भामाचा जयभीम.

पत्र पोचलं. अक्षर अजून तसंच हाय, कोंबडी चिखलातून गेल्यावाणी.

गंमत म्हणतीस. मी गंमत केली न्हाई. ती पोरं आली त्याच दिवशी सकाळी तू जिन्याखालून वरडलीस, भामे, वरचा पंखा बंद कर, बिल मला येतंय. तुझ्या नणंदांना खाली हॉलमध्ये कूलर. मी आणि आमचे हे वर, मंडपवाल्याच्या खुर्च्या आणि गाद्यांच्या संगट. न्हाणीला पाणी पाहिजे तर बादली घेऊन खाली. तुझी थोरली नणंद सगळ्यांदेखत म्हणली, वरचे लोक आले बघा पाण्याला. तू ऐकलंस का न्हाई मला ठाऊक न्हाई. शिट्टी वाजत असंल.

आक्का, लग्न झाल्यापासून मी भाड्याच्या घरात राहते. घरमालक कसा बोलतो हे मला कुणी शिकवायला नको. पोरानं विचारलं, मावशी, तुम्ही कोण. तोंडात आलं ते बोलले. म्हणलं, मालकीण खाली हाय, पंख्याचा हिशोब ठेवती, आम्ही भाडेकरू.

पट्टी वाढली म्हणून रडतीस. पट्टी यायला घर लागतं. आमच्या दारात टेप घेऊन कुणी आलं न्हाई कधी. दाल मिलमध्ये धूळ खाऊन खाऊन ह्यांच्या छातीत दमा बसला, पण एक भिंत आमच्या नावची उभी राहिली न्हाई. भाऊजी मुदखेडला रेल्वेत होते, रिटायर झाले, तुझा स्लॅब पडला. गृहप्रवेशाच्या दिवशी मी तुझ्या हॉलच्या भिंतीवर हात फिरवून बघत होते. तू म्हणलीस, भामे, रंग ओला हाय, डाग पडंल.

खरं सांगू का, तुझी पट्टी दुप्पट झाली हे वाचून मला बरं वाटलं. पुन्हा चहा केला आणि बसून प्यायले.

मी येणार न्हाई. महामायेला आशीर्वाद. लोभ हाय, तेवढ्यावर भागव.

भामा


नांदेड,
ता. २३ जून २०२५

चि. भामेस जयभीम.

चष्मा सापडेना म्हणून तुझं पत्र महामायेला वाचायला दिलं. द्यायला नको होतं. कोंबडीपाशी हसली आणि डागापाशी थांबली. मग माझ्याकडं बघितलंच न्हाई तिनं, सांजच्यापर्यंत.

तू म्हणतीस मला घर हाय. तुझ्यापाशी काय हाय ते भी ऐक. आई गेली तवा तिचं डोकं तुझ्या मांडीवर होतं. मी पोचले तवा तोंडावर कपडा टाकला होता. शेवटपर्यंत तुझंच नाव घेत होती म्हणतात. आणि आता ही पोरगी. तू इथं राहिलीस एक आठवडा, तेवढ्यात तिला असं गुंडाळलंस की बघायला नको. लातूरच्या आजी वरणाला अशी फोडणी द्यायच्या, लातूरच्या आजी असं म्हणायच्या. दोन टाइम खाऊ मी घालते आणि नाव तुझं. परवा मी वरण तुझ्यासारखं केलं आणि सांगितलं न्हाई. तर म्हणती, आज काहीतरी बिघडलंय.

पंख्याचं म्हणशील तर मी सगळ्यांवरच वरडते. तुझे भाऊजी होते तवर त्यांच्यावर वरडत होते. नणंदांवर वरडता येत न्हाई, त्या परक्या. त्यांना कूलर द्यावा लागतो, हसून बोलावं लागतं, जीव जातो. तू आलीस की मला वाटतं आता एक तरी माणूस असं हाय, ज्याला पंखा बंद कर म्हणता येतंय. तुला एवढं कळत न्हाई का.

बादलीचं खरं हाय. ते मला दिसायला पाहिजे होतं.

पट्टी मी भरीन, उपाशी मरायची न्हाई. पण तिथं जे लिहिलंय ते मला सोसत न्हाई. माझ्या घरात माझी सख्खी बहीण भाडेकरू. पैसे भरले म्हणजे ते खरंच हाय असं होतं. आनंदराज बोलंल, पण त्याच्या बोलण्यानं ते खोडलं जायचं न्हाई. तू म्हणलीस, तूच खोड.

उत्तर लिहीत बसू नको. गाडीत बस.

तुझी
आक्का


नांदेड,
ता. १४ जुलै २०२५

चि. भामाबाईस जयभीम, आशीर्वाद, सगळंच.

निकाल लागला. पट्टी खाली आली, मागच्या सालापेक्षा जराशीच जास्त. भाडेकरू गेला. वरच्या मजल्यापुढं आता लिहिलंय, स्वतःच्या वापरात. आनंदराजनं मला बोट ठेवून ठेवून दाखवलं. मी त्याला पुन्हा पुन्हा वाचायला लावलं.

सुनावणीला तू आलीस खरी, पण हापिसात काय बोललीस ते मला ऐकूच आलं न्हाई. साहेबापुढं शिट्टी वाजायला नको म्हणून मशीन काढून पदरात बांधलं होतं. तुझं तोंड हलताना दिसत होतं आणि माणसं हसत होती. मला वाटलं, हिनं आता पंख्याचं काढलं, गेली पट्टी. तू तर तिथूनच बसस्टँडला गेलीस, चहाला भी थांबली न्हाईस.

महामाया संगट होती, तिनं मग घरी सगळं कागदावर लिहून माझ्यापुढं धरलं. साहेब म्हणले, आजी, भाडेकरू नव्हता तर तसं सांगितलं कशाला. तू म्हणलीस, राग आला होता साहेब. भाड्याच्या घरात आम्ही हळू आवाजात राहतो, भांडायची हिंमत होत न्हाई. हिच्या घरात मी आल्या दिवसापासून भांडून राहिले. भाडेकरूला राग आला तर तो घर बदलतो. मी बहीण कुठनं बदलून आणू.

वाचून मी मोरीत गेले आणि तोंड धुतलं. महामायेला सांगितलं, डोळ्यात तिखट गेलं.

पण एक सांगते. अर्ज माझा, घर माझं, बाकावर बसून कंबर माझी मोडली, आणि गल्लीत कौतुक तुझं. महामायेनं रत्नम्माला सांगितलं, रत्नम्मानं दळणाच्या रांगेत सगळ्यांना. काल विहारात एक बाई मला म्हणली, त्या बोलणाऱ्या आजीच्या बहीण तुम्हीच का. जीव जळतोय माझा.

वर्षावास सुरू झालाय. रोज सांजचं विहारात ग्रंथवाचन असतं. आश्विन पौर्णिमेपर्यंत इकडं ये राहायला, नरसिंगरावांना भी आण. खुर्च्या मंडपवाला घेऊन गेला. वर नवा नळ बसवून घेतलाय, प्लंबर उद्या टाकीचं काम संपवील. स्वतःच्या वापरात असं लिहून दिलंय, आणि वर कुलूप असलं तर आपण खोटे पडू.

जिव्हाळा असाच राहू दे, भांडण भी असंच.

तुझी
गुणाआक्का


लातूर,
ता. २१ जुलै २०२५

ती. आक्कास जयभीम.

लांब लिहायला सवड न्हाई, बांधाबांध करून राहिले. गुरुवारी निघतो. ह्यांची दम्याची औषधं महिनाभराची घेतलीत. पुढची तिकडं बघू.

चहाला थांबले न्हाई कारण तुझ्या डोळ्यात बघायचं नव्हतं. बाकी काही न्हाई.

एवढं सांगायला पत्र लिहिलं. आमची घरमालकीण सिद्धम्मा आज जिन्यात भेटली. पिशव्या बघून म्हणली, कुणाकडं निघालात. दरवेळी मी बहिणीकडं म्हणते. ह्या वेळी म्हणलं, घरी. नांदेडला आमचा वरचा मजला हाय, पडून राहिलाय नुसता. तिचं तोंड उतरलं. म्हणली, एवढं असून इथं कशाला राहता. मी पिशवीचे बंद आवळत बसले. आक्का, जलमभर मी दुसऱ्याच्या घरावर जळले. आज पहिल्यांदा कुणीतरी माझ्यावर जळलं, आणि ते बघायला तू नव्हतीस.

मग तिनं विचारलं, खोल्या किती. हायेत त्याच्यापेक्षा एक जास्त सांगितली. रागावू नको, ती काय टेप घेऊन यायची न्हाई.

येतेच हाय, लोभाचं समोर बसून बघू.

तुझी
भामा