होडीची डावी कूस

ता. ३ फेब्रुवारी

चि. बुटकीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

बाबांनी स्वतः बांधलेली होडी अखेर छपराखालून बाहेर काढली. लाकूड शाबूत आहे, पण सांधे उघडलेत. म्हणून वरून फायबरचं कापड अंथरून रेझिन चढवतोय. पहिल्याच डब्यात रेझिन घट्ट करणारं हार्डनर जास्त पडलं आणि डबा हातातच तापून धूर सोडायला लागला. मी तो अंगणात फेकला आणि बादली घेऊन उभा राहिलो. शेजारीण हसून हसून बेजार! आता जरा जरासंच कालवतो, तरी बादली जवळच ठेवतो. कापडातली काचेची कुसळं अंगाला टोचतात ती वेगळीच.

डाव्या कुशीवर हात फिरवला की तो खळगा अजून लागतो. त्याच्यामुळेच होडी सारखी डावीकडे ओढायची ना? बाबांची ती चूक पुट्टी भरून एकदाची सपाट करतो. तुझं मत कळव, नाहीतर मला चैन पडायची नाही. गोळ्या विसरू नकोस. माया आहेच, ती दोन ओळींत तरी पाठव.

तुझा दादा

ता. १४ फेब्रुवारी

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

पुट्टीला हात लावू नकोस! तू तेव्हा कारखान्यात लागला होतास, तुला ठाऊक नाही. आईला पाण्याची केवढी धास्ती! काठ हाताशी असेल तरच होडीत बसेन, असं तिनं बजावलं होतं. होडी डावीकडे ओढायची, म्हणून काठ आपोआप जवळ राहायचा. दुसरी बाजूही तेवढीच तासा म्हणून मी बाबांना रंधा आणून दिला, तर त्यांनी तो परत ठेवायला लावला. म्हणाले, मग तुझी आई पुन्हा घरीच बसेल. ती काठाचं गवत धरून ठेवायची आणि बाबा तिला ते सोडायला सांगून दमायचे.

उन्हाळ्यात येते. हसू नकोस, पण हल्ली मलाही आईसारखीच भीती वाटते. मला तिच्याच जागी बसायचंय. उगाच काळजी करत बसू नकोस, आणि माझ्यावर रागावूही नकोस.

तुझी बुटकी

ता. २७ फेब्रुवारी

चि. बुटकीस अनेक आशीर्वाद.

तुला विचारलं खरं, पण थांबलो नाही. ऊन चांगलं पडलं होतं. तुझं पत्र आलं तोवर पुट्टी वाळून, लांब फळीला पॉलिशपेपर लावून घासूनही झाली होती. डोळे मिटून तळवा फिरवला, कुठे काही लागेना. शेजारीण म्हणाली, अगदी नव्या बशीसारखी झालीय. मग तुझं पत्र उघडलं. आता खरवडावं तर कापड फाटेल, पाणी शिरेल.

काल होडी नदीत घातली. नाकासमोर सरळ निघाली. काठ लांब जायला लागला. मग उजवं वल्हं जोरात मारलं, डावं नुसतं बुडवलं. काठाशी आली. जरा ढिलाई केली की पुन्हा सरळ. अशी दामटत पार पुलापर्यंत नेली. बाबांचं निम्मं काम होडीच करायची, मला ते हातानं करावं लागतंय. उजवा खांदा सुजलाय, पण जमतंय. रोज जातो.

तू ये. डावीकडे बस, गवत हाताला लागेल एवढं मी बघतो. धरून ठेवलंस तरी सोड म्हणणार नाही. खांद्याला चोळायला तेल तेवढं आण, आणि या म्हाताऱ्यावर जीव असू दे.

तुझा दादा